रत्नशास्त्रात करिअर: कर्ज काढून डिप्लोमा करावा का?

मृण्मयी_पुणे: यंदा भूशास्त्रात बीएस्सी झाले. खनिजांच्या प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकावरून उठवत नसे, म्हणून रत्नशास्त्राकडे वळायचंय. घरात सराफी नाही. मुंबईत जीआयएचा (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) ग्रॅज्युएट जेमॉलॉजिस्ट हा डिप्लोमा करायचा तर कर्ज काढावं लागेल. काढू का?

लसण्या: एवढ्यात नको. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासुद्धा मुंबईतच आहे, तिथल्या छोट्या कोर्सची आधी चौकशी कर. आणि हिऱ्याचं ग्रेडिंग, म्हणजे प्रत ठरवणं, करायचंय की रंगीत खडे ओळखायचेत, हे ठरव. ग्रेडिंगला नोकऱ्या आहेत, पण दिवसभर एकामागून एक हिरेच बघायचे. भूशास्त्रवाल्याचा खरा जीव रमतो तो रंगीत खड्यांत. माणिक आणि लाल स्पिनेल ही दोन वेगळी खनिजं, पण नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसतात. ब्रिटिश राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' मुळात स्पिनेल आहे. खड्यातून प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर माणकाची दोन वाचनं मिळतात, साधारण १.७६२ आणि १.७७०. स्पिनेलचं एकच, १.७१८च्या आसपास. इथवर तुला सोपं जाईल. पण कारखान्यातल्या माणकाचं वाचनही खाणीतल्याइतकंच येतं! तिथे सूक्ष्मदर्शकाखाली वाढीच्या वक्र रेषा नि वायूचे बुडबुडे शोधायचे. भेगांत काच भरलेली असेल तर खडा हलवताना निळसर चमक दिसते. ही नजर पुस्तकातून येत नाही, खडे हाताळूनच येते.

जोहरी_ताई: लसण्यांशी सहमत, पण जीआयएचा डिप्लोमा कायमचा बाद करू नकोस. त्याच्या शेवटच्या परीक्षेत २० खडे ओळखायचे असतात आणि वीसच्या वीस बरोबर यावे लागतात. त्या तयारीला तोड नाही. फक्त तिथे जाण्याआधी एखाद्या व्यापाऱ्याकडे किंवा लॅबमध्ये काम कर. रंगीत खड्यांसाठी जयपूरचा जोहरी बाजार, हिऱ्यांसाठी सुरत नाहीतर मुंबईतलं बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल).

मृण्मयी_पुणे: लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, हिऱ्यांमुळे हे काम कमी होईल का?

लसण्या: उलट वाढलंय. सीव्हीडी, म्हणजे वायूतल्या कार्बनचे थर साचवून वाढवलेला, हिरा भिंगाखाली खात्रीने ओळखता येत नाही, वर्णपटमापक लागतो. ती यंत्रं चालवणारी आणि आलेख वाचणारी माणसं लॅबना हवीच असतात. तुझं खनिजशास्त्र तिथे कामी येईल.

जोहरी_ताई: आणखी एक. राशीचे खडे घेणारी गिऱ्हाइकं भेटतीलच. पुष्कराज लाभेल का, हे सांगणं आपलं काम नाही. तो खरा आहे का, रंग खुलवायला तापवलेला आहे का, एवढं ठाम सांगायचं. दुकानदार कितीही आग्रह करू दे, रिपोर्टात दिसलं तेच लिहायचं. आणि फी भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टीची तपासणी करून घे.