सातव्या वर्षी जमिनीला विसावा

'बायबलने माणसाला सृष्टीवर सत्ता दिली, तिथूनच निसर्गाची वाट लागली' असं काही जण म्हणतात. लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ सालीच हा आरोप केला होता, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. पण ही सत्ता जिथे दिली, त्या 'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावरच थांबून कसं चालेल? दुसऱ्या अध्यायात देव आदामाला, म्हणजे पहिल्या माणसाला, एदेन बागेत ठेवतो, ते मशागत आणि राखण करायला. बायबलमधल्याच 'लेवीय' पुस्तकाचा २५वा अध्याय तर आम्हा सांगलीकरांनी वाचावाच: सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा. आपोआप उगवेल ते मालक, गडी, उपरा, गुरं सगळ्यांनी खावं. कारण जमीन देवाची, आपण तिथे उपरेच.

इकडे कृष्णाकाठी ऊस तुटला की खोडवा (त्याच खोडांचं पुढचं पीक), पाटपाणी चालूच. वाळवा, मिरजेकडची क्षारपड (जादा पाण्याने क्षार वर येऊन बिघडलेली) रानं उन्हाळ्यात बघा, वर पांढरा थर फुटलेला असतो. ही रानं कसणाऱ्यांत ख्रिस्ती असे कितीसे? तेव्हा हाव एकाच धर्मग्रंथाच्या नावावर टाकू नका.

अर्थात तो विसाव्याचा नियम इस्राएल लोकांनी तरी कुठे नीट पाळला? बायबलमधल्या '२ इतिहास' पुस्तकाच्या ३६व्या अध्यायाप्रमाणे लोक बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात गेले, तेव्हा कुठे जमिनीला ७० वर्षं विसावा मिळाला.