अशोकमामांचा चेहरा : तुमचे अनुभव लिहा

आधी महाराष्ट्र भूषण, मग २०२५ मध्ये पद्मश्री. दोन्ही वेळा आमच्या घरच्या ग्रुपवर अशोक सराफांचे तेच ते चार संवाद फिरले. म्हणून या धाग्याला एकच अट: संवाद नकोत. तो रबरासारखा ताणणारा चेहरा तुम्ही कुठे, कसा पाहिलात ते लिहा.

सुरुवात मी करतो. आजोबांना शेवटची काही वर्षं अजिबात ऐकू येत नव्हतं. कानातलं यंत्र शिट्टी मारायचं, म्हणून ते कायम डबीत. टीव्हीसमोर मात्र रोज हजर. 'अशी ही बनवाबनवी' लागला की आम्ही पोरं साडी नेसलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिनवर लोळून हसायचो. आजोबांची नजर साध्या शर्टपँटमधल्या धनंजय मानेवर. "याला बघ," म्हणायचे, "आपण मेलो हे याला कळलंय, पण समोरच्याला कळू द्यायचं नाहीये." ना साडी, ना विग. त्या सगळ्या गोंधळात या माणसाच्या हाती फक्त स्वतःचं तोंड होतं, आणि आजोबांना तेवढं पुरायचं.

*

मी बँकेतून निवृत्त. मामांनी स्टेट बँकेत जवळपास दहा वर्षं नोकरी केली, नाटकं सांभाळून. काउंटरमागे बसणाऱ्याचा एक चेहरा असतो, तो ज्यानं ती खुर्ची उबवली त्यालाच कळेल. समोरच्यानं स्लिप चुकीची भरलेली असते आणि वर तोच आपल्याला झापत असतो. मागे साहेब उभे. हसायची सोय नाही, चिडायची नाही. मग खालचा ओठ किंचित आत जातो, भुवया वर जातात आणि तिथेच राहतात. 'हम पाँच'मधला आनंद माथुर आठवा. घरात पाच मुली, भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी पहिली बायको, शेजारी दुसरी. मला तर तो दिवाणखाना नाही, महिन्याच्या एक तारखेचा काउंटरच दिसतो.

*

अट मोडतोय, माफी. पण 'धूमधडाका'तलं (१९८५) 'व्याख्या विख्खी वुख्खू' हा संवाद नव्हेच, खोकला आहे!

नववीत असताना सोसायटीच्या गणपतीत मी त्यातला पाइप ओढणारा यदुनाथ जवळकर केला होता. पाइप म्हणून नळाचा प्लास्टिकचा एल्बो, धूर हवा म्हणून त्यात पेटलेल्या उदबत्तीचे तुकडे. डोकं माझंच. पहिल्याच झुरक्याला खरा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, श्वास अडकलेला, आणि समोर टाळ्या. कुणीतरी वन्स मोअरसुद्धा दिला. खाली उतरल्यावर आईनं पाठीत घातलेला धपाटा तेवढा अभिनय समजून नव्हता. नंतर कॅसेट मागेपुढे करून पाहिली. मामा गुदमरतात, पण ऐट सोडत नाहीत. माझी ऐट पहिल्या ठसक्यालाच गेली होती.

*

सासरचे सगळे उत्तरेतले. त्यांच्यासाठी ते 'करण अर्जुन'चे मुंशीजी. मी दुरुस्त करणं सोडलंय.

*

सगळे गोडच लिहिताय म्हणून थोडं मीठ घालतो. नव्वदीच्या आसपासचे कितीतरी सिनेमे असे आहेत की पटकथेत भोक पडलं, लावा तिथे मामांचा चेहरा. डोळे मोठे करा, जबडा वाकडा करा, पुढचा सीन. चेहरा ताणतो म्हणून तो सारखा ताणायचा नसतो हो. हाच माणूस 'कळत नकळत'मध्ये रुसलेल्या पोरीला खुलवायला 'नाकावरच्या रागाला औषध काय' स्वतःच्या आवाजात गातो, तेव्हा किती हलकं काम आहे बघा. 'वजीर'मध्ये (१९९४) तर हसवायचं नावच नाही. चेहरा तोच, नुसता थांबवलेला.

मुळात सुरुवात शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी'तल्या विदूषकापासून. ते बोट धरून नेणारे गोपीनाथ सावकार हे त्यांचे सख्खे मामा. म्हणजे मामांचेही मामा होते!

*

वरच्यांशी निम्मी सहमत. मी 'व्हॅक्यूम क्लीनर' बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून पाहिलं, तिकिटं उशिरा काढल्याची शिक्षा. चेहरा नखाएवढा. नवरा-बायकोच्या जिवांची अदलाबदल होते, म्हणजे मामांच्या अंगात निर्मिती सावंत. पुढच्या रांगा त्यांच्या डोळ्यांवर हसत असणार. आम्हाला डोळे कुठून दिसणार? तरी आता कोण कुणाच्या अंगात आहे ते नुसत्या मानेवरून कळत होतं. तेव्हा रबर गळ्याच्या खालीही आहे, एवढंच नोंदवते.

*

लिहू की नको करत होते. मागच्या पावसाळ्यात सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. उजवा डोळा मिटेना. बेल्स पाल्सी. जीवघेणं नाही, पण अर्धा चेहरा पडलेला. फिजिओथेरपिस्टनं आरशासमोर करायचे व्यायाम दिले: गाल फुगवा, शीळ घाला, नाक आक्रसा, भुवई उचला. स्वतःचं ते तोंड दिवसातून चार वेळा बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी आरशावर टॉवेल टाकला.

मग मुलीनं आरशाशेजारी मोबाइल टेकवून मामांचे सीन लावले, आवाज बंद करून. ते करतील ते आपण करायचं. त्यांचा गाल फुगला की माझा डावा फुगे, उजव्यातून हवा फुस्स. दोघी हसायचो. हसताना आणखीच वाकडी दिसायचे, तिकडे कुणाचं लक्ष नसायचं.

पाचव्या आठवड्यात उजवी भुवई हलली, अगदी तांदळाएवढी. लेक आरशात निरखून बघत म्हणाली, "आई, अजून थोडी. मामांची याच्या पुष्कळ वर जाते."