कन्व्हेन्शनमध्ये पहिल्यांदाच नवख्यांचं टेबल चालवायचंय, ४ तासांत कसं बसवू?

चौथी_खुर्ची:
मंडळी, मदत हवीये. घरच्या ग्रुपला दोन वर्षं डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, एकाने गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं असा फाशांचा खेळ) चालवतेय, २०१४ची पाचवी एडिशन, पण ते सगळे माझे मित्र, नियम अडला की सगळे मिळून पुस्तक उघडतात, कुणाला घाई नसते. आता एका कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे असे खेळ खेळणाऱ्यांच्या मेळाव्यात, टेबल घेतलंय आणि ते नवख्यांसाठी म्हणून लावलंय, म्हणजे येणाऱ्या सहाही जणांनी २० बाजूंचा फासा कधी हातात धरलेला नसणार असंच धरून चाललेय. स्लॉट ४ तासांचा.

ठरवलंय ते असं, पहिला पाऊण तास सगळ्यांनी मिळून पहिल्या लेव्हलची कॅरेक्टर्स बनवायची, मग अर्धा तास नियम, मग पडक्या बुरुजाखालच्या भुयारात तीन लढाया आणि शेवटी एक मोठा राक्षस. कागदावर उतरवल्यावर लक्षात आलं की हे काही बसत नाहीये. आणि खरी धास्ती वेगळीच आहे, कुणी दोन तास गप्पच बसून राहिलं तर? घरी मला प्रत्येकाचा स्वभाव माहितीये, इथे सगळी अनोळखी माणसं. ज्यांनी अशी टेबलं चालवलीत त्यांनी सांगा प्लीज.

भुयारी_दिवा:
ताई, सगळ्यात आधी ते कॅरेक्टर बनवणं काढून टाका. नवीन माणसाला रेस कुठली, क्लास कुठला, स्किल्स कुठली असं विचारलं की तो ज्या गोष्टी निवडतो त्यांचा पुढे काय उपयोग हे त्याला ठाऊकच नसतं, मग तो शेजारच्याच्या कागदात बघतो नाहीतर तुमच्या तोंडाकडे. तयार कॅरेक्टर्स न्या. सहा खुर्च्या असतील तर आठ शीट्स न्या म्हणजे सगळ्यात शेवटी आलेल्यालाही निवडायला तीन उरतात, उरलंसुरलं हातात आलं असं त्याला वाटत नाही.

शीट पण नेहमीची नको. एका बाजूला मावेल तेवढंच, मोठ्या अक्षरात. सगळ्यात वर एक ओळ साध्या भाषेत, 'कुलूप असो की खिसा, तुझ्या बोटांना सगळं उघडतं'. तलवारीपुढे नुसतं +५ लिहा, त्यातले ३ ताकदीचे आणि २ प्रोफिशियन्सीचे हा हिशोब त्याला आज नकोय. स्पेल्सची नुसती नावं देऊ नका, काय होतं ते पूर्ण लिहा. जादूगाराला मॅजिक मिसाईल नक्की द्या, तीन बाण, प्रत्येकाचा मार एक डी४ (चार बाजूंचा फासा) अधिक १, आणि ते कधीच चुकत नाहीत, पहिल्यांदा खेळणाऱ्याला त्याचा फार आधार असतो.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, प्रत्येक शीटच्या तळाशी एक अर्धवट वाक्य: 'तुझ्या उजवीकडे बसलेल्याने एकदा तुझा जीव वाचवलाय, कसा ते तू सांग'. टेबलाभोवती एक फेरी झाली की दहा मिनिटांत अनोळखी माणसं एकमेकांच्या गोष्टीत शिरलेली असतात आणि तुम्ही अजून एकही नियम सांगितलेला नसतो.

घड्याळ_समोर:
दिव्याच्या मुद्द्याला जोडून. लढायांचं गणित मांडून बघ. सहा नवखे, प्रत्येकाला एका टर्नला अडीच-तीन मिनिटं धर, तुझे राक्षस धरून एक राउंड २० मिनिटांचा होतो. तीन राउंडची लढाई म्हणजे एक तास. तुझ्या चार लढायांनीच चार तास खाल्ले, गोष्ट सांगायला वेळ कुठे उरला? शिवाय ४ तासांचा स्लॉट म्हणजे ४ तासांचा खेळ नसतो, लोक टेबल शोधत येतात, मधे ब्रेक लागतो, शेवटी पुढच्या ग्रुपला जागा करून द्यायची असते, हातात सव्वातीन तास राहतात. मी एक छोटी लढाई, एक बोलाचाली नाहीतर चोरीछुपी सुटेल असा प्रसंग आणि एक शेवटची लढाई एवढंच ठेवतो.

नियमांचा अर्धा तास पण नको. २० बाजूंचा फासा टाक, कागदावरचा आकडा मिळव, जास्त आलं तर चांगलं. एवढं सांगून दहाव्या मिनिटाला कुणाच्या तरी हातून फासा पडलाच पाहिजे. बाकीचा नियम ज्याच्या वेळेला लागेल त्याच्या वेळेला सांग, तो लक्षात राहतो.

आता आकडे, कारण इथेच बरीच टेबलं मार खातात. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १५, तुझ्या फायटरचे +५, म्हणजे फाशावर १० किंवा वर लागणार, ५५ टक्के. माणूस २० मिनिटं वाट बघतो, फासा टाकतो आणि जवळपास निम्म्या वेळा ऐकतो की वार चुकला, आणि परत २० मिनिटं वाट. मी आर्मर १२ वर आणतो, मग ७ पासून वर सगळं लागतं, ७० टक्के. हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा, ७ च ठेवतो. आणि कुणी काही डोकं लढवलं, दिवा विझवला, वरून उडी मारली, तर लगेच ॲडव्हान्टेज, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. त्याने मूळचे ५५ टक्केसुद्धा जवळपास ८० होतात. नवख्याला त्यातून कळतं की कल्पनेला इथे किंमत आहे, मग तो कागदाकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघायला लागतो.

बगबेअर, म्हणजे गॉब्लिनचा दांडगा भाऊबंद, मात्र पहिल्या लेव्हलला आणू नकोस. त्याचा एक फटका सरासरी ११ चा आणि जादूगाराकडे ८ हिट पॉइंट. पहिल्याच फटक्यात खाली पडलेला माणूस तासभर मोबाईल बघत बसतो, मी हे माझ्याच टेबलावर होताना बघितलंय आणि अजून वाईट वाटतं.

एकपानी:
मी थोडं वेगळं म्हणेन, डीअँडडीच का? लेझर्स अँड फीलिंग्स बघा, जॉन हार्परचा, सगळा गेम एका पानावर. प्रत्येकाचा २ ते ५ मधला एकच आकडा, डोक्याने करायचं काम असेल तर सहा बाजूंचा फासा त्याच्या खाली यायला हवा, मनाने करायचं असेल तर वर. पाच मिनिटांत अख्खं टेबल खेळतंय. अर्थात टेबल डीअँडडीचं म्हणून लागलेलं असेल तर तेच चालवा, लोक ते नाव बघून खुर्ची घेतात, त्यांना ड्रॅगनच्या जगात जायचं असतं.

मागच्या_बाकावरचा:
गप्प बसणाऱ्याबद्दल मी सांगतो, कारण तो मी होतो. पाच वर्षांपूर्वी असंच नवख्यांचं टेबल, मी शेवटच्या खुर्चीत, बाकीचे पाच जण भराभर बोलत होते. खेळ चालवणाऱ्या डीएमने दोनदा विचारलं 'तू काय करतोस?' आणि दोन्ही वेळा मी म्हणालो 'यांच्यासोबतच आहे'. तो प्रश्न फार मोठा असतो हो, त्यात काहीही करता येतं म्हणूनच काही सुचत नाही.

मग त्यांनी प्रश्न बदलला. आम्ही एक होडी ओढत होतो आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाण्याखाली काहीतरी हललं. ते फक्त तुला दिसलंय. यांना सांगतोस, की आधी स्वतः वाकून बघतोस?" बास. दोनच रस्ते, आणि माहिती फक्त माझ्याकडे. मी म्हणालो वाकून बघतो. पाचही जणांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं, एक जण ओरडला "अरे नको!" आणि तिथून मी शेवटपर्यंत गप्प बसलो नाही. आज मी स्वतः टेबल चालवतो ते त्या एका प्रश्नामुळे.

अजून एक. टेबलाच्या मधोमध एक्स-कार्ड ठेवा, जॉन स्टाव्ह्रोपुलोसने काढलेली पद्धत आहे, कागदावर मोठी फुली. कुणाला एखादी गोष्ट नकोशी झाली की त्याने कार्डाला हात लावायचा, तो भाग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. अनोळखी माणसांत तर पाहिजेच. आमच्या डीएमने सुरुवातीलाच एकदा स्वतः हात लावून दाखवला होता, त्यामुळे कुणालाच अवघड वाटलं नाही.

चौथी_खुर्ची:
किती नीट सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. होडीचा प्रसंग वाचून तर अंगावर काटा आला.

बदललेला प्लॅन: आठ तयार कॅरेक्टर्स. सुरुवात थेट भुयाराच्या तोंडाशी, मशाल विझायला आलीये, आत कुणीतरी हाका मारतंय. आर्मर १२ चे तीन गॉब्लिन. मग एक पहारेकरी ज्याला फसवता येईल किंवा पटवता येईल. शेवटचा राक्षस एकच, पण त्याच्याकडे कैदी आहे म्हणजे नुसती मारामारी नाही. प्रत्येक कॅरेक्टरसाठी 'फक्त तुला दिसलंय' असा एकेक प्रसंग आधीच लिहून ठेवतेय. एकच राहिलं, हॉलमध्ये वीसेक टेबलं असतील, आवाज पोचेल का?

भुयारी_दिवा:
बसून नाही पोचत. उभं राहून चालवा, टेबलाभोवती फिरत राहा, ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या जवळ जाऊन बोला. जो गप्प वाटेल त्याला पहिल्या ब्रेकनंतर तुमच्या शेजारच्या खुर्चीत घ्या. ए-४ चा कागद दुमडून प्रत्येकाच्या पुढे कॅरेक्टरचं नाव उभं करा, आतल्या बाजूला त्याच्यासाठी लिहा, ३० फूट चाल आणि एक ॲक्शन. घड्याळात अडीच तास झाले की तुम्ही कुठेही असा, शेवटच्या प्रसंगाकडे वळा, मधली खोली गाळली तर कुणालाच कळत नाही.

आणि शीट्सच्या दोन-दोन प्रती छापा. खेळ संपल्यावर लोक विचारतात "हे मी घरी नेऊ का?"