ओसरीचे खांब: व्हार्निशपेक्षा तेल बरं

दादा, जळगावच्या घराच्या ओसरीला सागाचे खांब लावून वर व्हार्निश मारायचं म्हणताय, म्हणून लिहितोय. साग उत्तमच, पण वाळवीला दाद देत नाही तो त्याचा गाभा. कडेचा पांढुरका भाग वाळवी सहज खाते. वखारीत प्रत्येक नग फिरवून चारही बाजू बघा, पांढरं दिसलं तर तासून द्यायला सांगा.

व्हार्निश बाहेर नकोच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. उन्हानं थर तडकतो, पावसाचं पाणी चिरेतून शिरतं आणि थराखाली अडकतं. त्यापेक्षा उकळलेलं जवसाचं तेल (दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून तयार मिळतं ते, घरी उकळायचं नाही) पातळ लावा, मुरलं की उरलेलं पुसून काढा, दरवर्षी पावसाळ्याआधी पुन्हा. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. मोकळ्यावर पसरून वाळवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खांबाचं खालचं टोक. पाणी सर्वांत जास्त तिथूनच चढतं. जुन्या वाड्यांत खांब तळखड्यावर, म्हणजे खाली बसवलेल्या दगडी बैठकीवर, उभा असायचा. हल्ली तो सरळ काँक्रीटमध्ये गाडतात आणि तिथेच कुजतो. मिस्त्रीला तळखडा बसवायला लावाच, ऐकत नसेल तरी.