बाबांच्या पायाचा बायपास : फायब्रिन ग्लू घ्यावा का?

कृष्णाकाठ
बाबा ६८, मधुमेह. डाव्या मांडीतली धमनी बंद, शुक्रवारी बायपास. त्या पायाची शीर बारीक, म्हणून पीटीएफईची (प्लास्टिकची कृत्रिम) नळी घालणार. इस्टिमेटमध्ये 'फायब्रिन सीलंट', म्हणजे रक्त झिरपू नये म्हणून लावायचा ग्लू, १८,००० रुपये. वरखर्चाला माझ्याकडे १०,०००च आहेत. घेऊ का?

सुमनमावशी
घ्याच रे बाळा. आमच्या ह्यांना लावला होता, टाकेसुद्धा दिसत नाहीत. पैशाकडे बघू नकोस.

रानवारा
मावशी, तो कातडीवरचा डिंक. हा आत नळी धमनीला शिवतात त्या जोडावर लावतात.

हिशेबी
आमच्या बिलात दोन लावले होते, उघडला एकच. भांडून पैसे परत घेतले. रिकाम्या खोक्याचा स्टिकर केसपेपरवर चिकटवायला सांगा.

ओटीसिस्टर
२२ वर्षं ओटीत आहे. पीटीएफईला सुईची भोकं पडतात ती शिरेसारखी आकसत नाहीत, शिवाय पेशंटला हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलेलं असतं, म्हणून रक्त झिरपतं. सर्जन आधी गॉज दाबून धरतात, सर्जिसेल (रक्त थांबवणारी, आत विरघळणारी जाळी) ठेवतात, गरज वाटली तर प्रोटामिन (हेपारिनचा उतारा) देतात. बरेचदा एवढ्यावर भागतं. ग्लूच्या जोडपिचकारीत एकीकडे फायब्रिनोजेन, दुसरीकडे थ्रॉम्बिन, दोन्ही रक्त गोठवणारी प्रथिनं. जोडावर दोन्ही एकत्र आले की पांढरट साय धरते. पण धार लागली असेल तर टाकाच घालावा लागतो, तिथे ग्लू टिकत नाही. पाकीट थिएटरात असू द्या, लागलं तरच फोडा म्हणावं. एकदा कालवलं की परत ठेवता येत नाही.

गोपाळकाला
पण हा गाईच्या रक्तापासून करतात ना? आमच्याकडे चालणार नाही.

रानवारा
गाईचं अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) बायोग्लू नावाच्या वेगळ्या ग्लूमध्ये असतं. फायब्रिनोजेन माणसाच्या प्लाझ्मातलं.

गोपाळकाला
तरी विचारून घ्यावं. माणसाचं म्हटलं तरी दुसऱ्याचंच रक्त.

सुमनमावशी
बाबांची तंबाखू सुटली का? आमच्या ह्यांची नळी सहा महिन्यांत बंद पडली होती.

हिशेबी
परत सांगतो, स्टिकर!

कृष्णाकाठ
तंबाखू दिवाळीपासून बंद आहे, मावशी. सिस्टर, तुमचं वाचून डॉक्टरांना विचारलं, उजव्या पायाची शीर चालेल का? आज डॉप्लर (शिरेची सोनोग्राफी) केला, ३ मिमीच्या वर जाड भरली. तीच काढून बसवणार. ग्लू यादीतून काढला.

ओटीसिस्टर
शुगरच्या पेशंटला दोन्ही पायांना जखमा. मी नळीच घेतली असती.

कृष्णाकाठ
बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, माझीच शीर घाला.