कांदापातीच्या चिनी पोळीला पदर सुटत नाहीत, मदत हवी आहे

शांघायला असताना सकाळी गाडीवर त्सोंग यौ बिंग खायचे. बाहेरून कुरकुरीत, आत पदर न् पदर सुटलेला. आता घरी करतेय. २ वाट्या मैदा, पाऊण वाटी उकळतं पाणी, मळून अर्धा तास झाकून ठेवते. मग पातळ लाटून तेल, मीठ, पात पसरते, गुंडाळी करून चकलीसारखी वळते (आपला लच्छा पराठाच की!) आणि परत लाटते. इथेच घोळ होतो. पात पारी फाडून बाहेर येते, तव्यावर करपते, मधला भाग मात्र कच्चट. पात धुऊन नीट कोरडी करायला हवी का? गरम तेलात मैदा कालवून लावतात, त्याचं प्रमाण कुणी सांगेल का? नवरा म्हणतो, त्यापेक्षा थालीपीठ लाव.