शेवरले व्हेगा कामगारांमुळे बुडाली, हे मला मान्य नाही

कास्टआयर्न
जनरल मोटर्सच्या शेवरले व्हेगा या छोट्या अमेरिकन गाडीचा विषय निघाला की ‘लॉर्डस्टाउनच्या कामगारांनी गाडीची वाट लावली’ असं हमखास कुणीतरी म्हणतं. लॉर्डस्टाउन म्हणजे ओहायोतला तिचा कारखाना. मला हा त्या कामगारांवरचा अन्याय वाटतो.

जनरल मोटर्सने 1968 मध्येच जाहीर केलं की दोन वर्षांत छोटी गाडी आणतो. म्हणजे मुहूर्त आधी निघाला आणि गाडी नंतर घडली. सप्टेंबर 1970 मध्ये ती बाजारात आली. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य भाग, अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडरना आतून लोखंडी लायनर (अस्तर) नाहीत, वर हेड (झाकण) मात्र बिडाचं. दोन धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. त्यात रेडिएटर लहान. पाणी जरा कमी झालं की इंजिन तापायचं, हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधली सील) जायची, सिलिंडरचा आकार बिघडायचा आणि मग ऑइल जळून निळा धूर. पुढच्या मडगार्डांना आतून संरक्षक पत्राही नव्हता, पैसे वाचवायला तो गाळला होता. ती दोन-तीन हिवाळ्यांत गंजून जात. यात पाना फिरवणाऱ्याचा काय दोष?

तिसरी_पाळी
असहमत. आराखडा कच्चा होता हे मान्य, पण जोडणीसुद्धा वाईट होती. लॉर्डस्टाउनमधून अर्धवट जोडलेल्या गाड्या बाहेर पडत होत्या आणि मुद्दाम नासधूस होते असा आरोप कंपनीने उघडपणे केला होता. मार्च 1972 मध्ये संप झाला. मी स्वतः कारखान्यात उमेदवारी केली आहे. रागावलेल्या माणसाच्या हातून नट अर्धाच आवळला जातो, हे मी पाहिलंय.

कास्टआयर्न
तो राग आला कुठून? तासाला 100 गाड्यांचा वेग ठरवलेला होता. म्हणजे एका माणसाला एका गाडीमागे 36 सेकंद! इतरत्र साधारण 60 गाड्या निघत. तुम्ही उमेदवारी केली आहे, तर तुम्हीच सांगा, 36 सेकंदांत चूक झाली तर ती सुधारायला वेळ कुठे असतो? शिवाय गॅस्केट आणि गंज हे दोष आराखड्यातलेच, ते कुणी कितीही मन लावून जोडणी केली तरी राहणारच होते.

बोअरिंगवाला
दोघांचंही एक चुकतंय. धातूला नावं ठेवू नका. मी इंजिनं बांधतो. जवळजवळ 17 टक्के सिलिकॉन असलेल्या त्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिंडरची भिंत नीट तयार केली, की सिलिकॉनचे कठीण कण वर येतात आणि पिस्टन त्यांच्यावर चालतो. पोर्शने पुढे 928 मध्ये याच जातीचा, लायनर नसलेला व्ही-8 ब्लॉक वापरला आणि ती इंजिनं टिकली. व्हेगाचा घात केला तो पाण्याच्या अपुऱ्या सोयीने. व्हॉल्व्हची सीलही लवकर कडक व्हायची, म्हणून ऑइल खाणं वाढायचं. लोकांनी शेवटी सिलिंडर बोअर करून (आतून कापून मोठे करून) लोखंडी स्लीव, म्हणजे लायनर, बसवले आणि त्याच गाड्या पळवल्या.

मायलेज
1977 पर्यंत सुमारे 20 लाख व्हेगा बनल्या. ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने 1971 साठी तिला वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं होतं. तिला सरसकट फसलेली म्हणणं मला पटत नाही.

कास्टआयर्न
खपली, कारण दिसायला देखणी होती आणि किंमत 2,100 डॉलरच्या आत होती. पण ज्याच्या मडगार्डाला तिसऱ्या वर्षी भोक पडलं, त्याने पुढची गाडी कुठली घेतली असेल? शेजारीच टोयोटा आणि डॅटसन उभ्या होत्या. ‘बोअरिंगवाला’ यांचा धातूचा मुद्दा मला मान्य. पण म्हणूनच जास्त वाईट वाटतं. मोठा रेडिएटर आणि मडगार्डातला पत्रा पहिल्या दिवसापासून देता आला असता.

तिसरी_पाळी
1976 मध्ये सुधारलेलं इंजिन 5 वर्षं किंवा 60,000 मैलांच्या हमीसह दिलं की.

बोअरिंगवाला
दिलं, पण सहा वर्षांनी. तोवर पहिल्या वर्षीच्या कितीतरी गाड्या भंगारात गेल्या होत्या.